जुनी लक्झरी गाडी घेताना: किलोमीटर नंतर, रबराचं वय आधी

पंधरा वर्षं जुन्या मर्सिडीजच्या जाहिरातीत ‘फक्त ५५,००० किलोमीटर’ असं दिसलं की गिऱ्हाईक तिथेच निम्मं पटलेलं असतं. हिशेब केला तर वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभी, आणि निघाली तरी जवळच्या जवळ. अशा वापरात इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि इंधनाचा अंश साचत राहतो, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. रबराचं तर विचारूच नका. होज, सील, बुश (जोडांमधलं रबर), एअर स्प्रिंग (हवा भरलेला रबरी बलून) हे सगळं गाडी चालो वा न चालो, वर्षं मोजतं. हायवेवर १,८०,००० चाललेली, पण प्रत्येक कामाचं बिल जपलेली गाडी या पंचावन्न हजारवालीपेक्षा कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट पैशांची. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या भागांची उतरत नाही. सात-मालिकेची बीएमडब्ल्यू एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात मिळेल, पण तिचा वॉटर पंप, तिचे हेडलॅम्प आणि तिची मजुरी सात-मालिकेचीच राहते. म्हणून खरेदीसाठी जेवढी रक्कम ठरवली आहे तिच्यातला एक तृतीयांश पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून मगच गाडी शोधायला निघावं. ही रक्कम खर्च होईल का, असा प्रश्न नसतोच. कधी होईल, एवढंच बघायचं असतं.

मॉडेल नव्हे, इंजिन निवडा

एकाच बॉडीत चार-पाच इंजिनं येतात आणि त्यांचं नशीब वेगवेगळं असतं. बीएमडब्ल्यूचं एन-५२ हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन टिकाऊ आहे. त्याचा इलेक्ट्रिक वॉटर पंप साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास जातो, ते धरून चालायचं. याउलट २००७ ते २०११ च्या दरम्यानच्या एन-४७ डिझेलची टायमिंग चेन (वाल्वची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली की मागून घासल्यासारखा आवाज येतो आणि दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली घ्यावं लागतं. ऑडीच्या ३.२ एफएसआय व्ही-६ मध्येही चेन मागेच. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर ते काम आता दूर नाही असं समजा.

मर्सिडीजच्या एम-२७२ व्ही-६ मध्ये सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) गिअर झिजायचं. दात झिजले की टायमिंग मागे पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. भाग मोठा नाही, पण त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं. त्याचाच व्ही-८ भाऊ एम-२७३, त्यात आयडलर गिअरचं हेच दुखणं. अशा गाडीचा इंजिन नंबर घेऊन ते सुधारित गिअरचं आहे का हे आधी तपासावं. ओएम-६४२ डिझेल एरवी चांगलं. पण त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसलेला असतो. त्याची सील कडक झाली की ऑइल इंजिनाच्या मागून गिअरबॉक्सवर उतरतं आणि भलतंच सील बदललं जातं. खरी सील अगदी किरकोळ किमतीची, पण तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक उतरवावे लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

मॉडेलचं वर्षही बारकाईने बघा. २००२ साली आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू-२११ पिढीच्या ई-क्लासमध्ये २००६ च्या मध्यापर्यंत एसबीसी नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा होती. ती ब्रेक किती वेळा दाबला गेला याची मोजदाद ठेवते आणि ठरलेला आकडा ओलांडला की डॅशवर इशारा देते. पुढे फेसलिफ्टमध्ये साधे ब्रेक परत आले. एसबीसीची गाडी घेतलीच, तर पॅड बदलताना यंत्रणा स्कॅनरने निष्क्रिय केल्याशिवाय कॅलिपरला हात लावू नये. गाडीचं दार उघडलं किंवा रिमोट दाबला तरी पंप जागा होतो आणि पिस्टन पूर्ण दाबाने बाहेर येतात. बोटं चिरडू शकतात.

कमी कटकट हवी असेल तर लेक्सस एलएस. १९८९ साली आलेल्या एलएस ४०० चं ठरलेलं दुखणं म्हणजे पॉवर स्टिअरिंगची गळती थेट खालच्या अल्टरनेटरवर टपकते, म्हणून नवा अल्टरनेटर टाकण्याआधी गळती बंद करायची. शिवाय टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा मागायचा, कारण १९९८ च्या मॉडेलपासून व्हीव्हीटी-आय (वाल्वची वेळ बदलणारी यंत्रणा) आलं आणि त्या इंजिनात बेल्ट तुटला तर वाल्व पिस्टनला भिडतात.

बघायला जाल तेव्हा

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर काहीतरी लपवायचं आहे किंवा बॅटरी कमजोर आहे. इंजिन थंड असताना कूलंटचं झाकण उघडा; तपकिरी गाळ किंवा तेलकट तवंग दिसला तर पुढची चौकशी तिथेच थांबवायला हरकत नाही. मग सुरू करून फक्त ऐका. गाडी पंधरा-वीस मिनिटं आयडलवर ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दाबा. मागून निळ्या धुराचा लोट आला तर वाल्व स्टेम सील गेली. बीएमडब्ल्यूच्या एन-६२ व्ही-८ मध्ये हे फार दिसतं.

एअर सस्पेन्शन असेल तर टेप घेऊन जा. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कमानीपर्यंत अंतर मोजा, गाडी दोन-तीन तास उभी ठेवून पुन्हा मोजा. रात्रभर ठेवता आली तर उत्तम. एक कोपरा सेंटीमीटरभर जरी बसला, तरी तिथला बलून, म्हणजे एअर स्प्रिंग, गळतोय.

स्कॅनर हवा तो त्या कंपनीच्या सगळ्या कंट्रोल युनिटशी (गाडीतल्या छोट्या संगणकांशी) बोलणारा: ऑडीसाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेन्ट्री. साधं ओबीडी उपकरण इंजिनाचे कोड (बिघाडाच्या नोंदी) दाखवतं, एअर सस्पेन्शन, एअरबॅग, सीटचे नाही. पण त्या साध्या उपकरणातही एक उपयोगी गोष्ट असते: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याची नोंद. ती ‘१२ किलोमीटर’ निघाली तर काल रात्री कोणीतरी कोड पुसलेत. ओडोमीटर मागे फिरवल्याचा संशय असेल तर इतर युनिट तपासा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये किलोमीटर मीटरखेरीज लाइट कंट्रोल युनिटमध्ये आणि किल्लीतही साठवलेले असतात. मीटर बदलणारा किल्ली विसरतो.

टायरवरचे चार आकडे वाचा. ३४१९ म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने इतर ठिकाणीही हात आखडला असणार. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत याचा थेट तोटा आहे: पुढच्या-मागच्या टायरच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी चाकांचा परीघ बदलतो आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातला) क्लच सतत घासत राहतो. सावकाश वळण घेताना गाडी धक्के खात असेल तर तिथे लक्ष द्या.

मग पाणी. कार्पेट वरून कोरडं असेल. त्याच्या खालच्या फोममध्ये हात घाला. ऑडीत विंडस्क्रीनच्या खालच्या पन्हाळीतली निचऱ्याची भोकं पानांनी तुंबतात, पाणी बॅटरीच्या आसपास साचतं आणि आत उतरतं. सी-५ पिढीच्या ए-६ मध्ये कम्फर्ट मॉड्यूल ड्रायव्हरच्या पायाखालच्या कार्पेटखालीच आहे. ते भिजलं की खिडक्या, लॉक, अलार्म मनाला येईल तसं वागतात. सनरूफच्या कोपऱ्यात थोडं पाणी ओतून ते गाडीखाली कुठे पडतं ते बघा. पडलंच नाही, तर ते आत गेलंय. डिकीतली स्टेपनीची जागाही उचकटून बघा, कारण डब्ल्यू-२११ आणि ई-६० (बीएमडब्ल्यूची पाच-मालिका) मध्ये मुख्य बॅटरी आणि बरीच इलेक्ट्रॉनिक्स मागेच असतात.

रंग, लेदर, लाकडी पट्ट्या याकडे शेवटी बघितलं तरी चालतं. मात्र गंज वरवरचा म्हणून सोडू नका. मर्सिडीजच्या डब्ल्यू-२१० पिढीच्या ई-क्लासमध्ये पुढच्या स्प्रिंगला धरणारी बैठक आतून गंजते आणि एक दिवस निखळते. ही गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊच नये.

घेतल्यावर आधी काय

आधी थंडावा, मग गिअरबॉक्स, मग बाकीचं. साउंड सिस्टीम वगैरे वर्षभर थांबू शकते. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की गाडीच्या किमतीइतकं काम निघतं.

कूलिंगमध्ये एकेक भाग बदलण्यात अर्थ नाही. बीएमडब्ल्यूच्या एक्स्पान्शन टँकचं प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ होतं आणि शिवणीवर फाटतं. त्याच वयाचा थर्मोस्टॅट आणि होजही तिथेच पोचलेले असतात. टँक, झाकण, वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, बेल्ट आणि आयडलर पुली एकदम बदला. मजुरी एकदाच लागते. एन-५२ मध्ये पंपाचे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात, ते एकदाच वापरायचे. जुने परत बसवले की तुटतात आणि ब्लॉकमध्ये अडकतात. कूलंट रंग बघून घेऊ नका, कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबर बघून घ्या. भलत्या दोन प्रकारांची भेसळ झाली की जेलसारखा गाळ तयार होऊन हीटरच्या नळ्या बंद होतात. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा.

एन-५२ च्या कूलिंगमधली हवा काढायची रीत वेगळी आहे. बॅटरीला चार्जर लावा, इग्निशन चालू करा, इंजिन सुरू करू नका. हीटर कमाल तापमानाला, ब्लोअर अगदी हळू. ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळाला दाबून धरा. पंप आपोआप सुरू होतो आणि साधारण बारा मिनिटं फिरून थांबतो. टँकमधली पातळी बघून भर घाला. घाईघाईत हे टाळलं तर हवेचा फुगा हेडमध्ये राहतो आणि नवा पंप टाकूनही गाडी तापते.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ‘आयुष्यभराचं ऑइल’ हा शब्द विसरा. अनेक बीएमडब्ल्यू, जॅग्वार आणि ऑडींमध्ये बसलेला ६एचपी हा सहा गिअरचा ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. बहुतेकांत त्याचं पॅन प्लास्टिकचं आणि फिल्टर त्यातच जडवलेला, म्हणजे पॅनच बदलायचं. निचऱ्याचा प्लग खोलण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा. तो अडकला आणि ऑइल निघून गेलेलं असलं तर गाडी लिफ्टवरच राहते. पॅन उतरवलं की निम्म्याहून थोडं जास्त, पाच-सहा लिटर ऑइल निघतं; बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ऑइलभरल्या भागात) राहतं. त्याच वेळी वायरिंग प्लगचं स्लीव्ह बदला, त्याच्या ओ-रिंगमधूनच गळती होते. प्लास्टिक पॅनचे बोल्ट १० न्यूटन-मीटरला, आधी मधले मग कडेचे, आडवे-तिडवे आवळत न्या. पातळी ठरते ती इंजिन चालू, गाडी सपाट आणि ऑइल ३० ते ५० अंश सेल्सियस असताना. गिअर सगळे एकदा फिरवून, भरण्याच्या भोकातून बारीक धार येईपर्यंत भरायचं. तापमान स्कॅनरवर बघा, अंदाजाने नको. गरम ऑइलवर पातळी धरली तर ऑइल कमी पडतं आणि गिअर घसरतात.

मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच गिअरच्या बॉक्सची मजा निराळी. त्याच्या तेरा पिनच्या प्लगचं सील गळलं की ऑइल तारांच्या आतून वर चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. युनिटचा कनेक्टर काढून तिथे लालसर ओल दिसली तर आधी प्लग बदला, युनिट स्वच्छ करा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

हवेवरची गाडी

बलूनच्या घडीवर रबर तडकतं. गळती होते, कॉम्प्रेसर ती भरून काढायला जास्त चालतो, त्यातला ओलावा शोषणारा ड्रायर संपतो, शेवटी कॉम्प्रेसर जळतो. म्हणून जळालेला कॉम्प्रेसर हा आजार नाही, परिणाम आहे. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही त्याच वाटेने जातो. साबणाचं पाणी फवारून बलून, नळ्यांचे जोड आणि वाल्व ब्लॉक तपासा, गळती बंद करा, मग कॉम्प्रेसर. त्याच्याबरोबर रिलेही नवा, कारण रिलेचे संपर्क चिकटले तर कॉम्प्रेसर गाडी बंद असतानाही फिरत राहतो. बलून जोडीनेच बदला. नवा बसवल्यावर गाडी खाली सोडण्याआधी त्यात हवा भरा. रिकाम्या बलूनवर वजन आलं तर रबर चुकीच्या घडीने दुमडतं आणि नवा भाग पहिल्याच दिवशी वाया जातो. जॅक मोड (गाडीची आपोआप वर-खाली होणारी उंची थांबवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय आणि स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली शिरू नका.

काही जण कॉइल स्प्रिंग बसवून मोकळे होतात. चालतं, पण मग कोडिंग करून दिवे विझवावे लागतात आणि ज्या चालीसाठी गाडी घेतली तीच जाते.

साध्या सस्पेन्शनमध्ये काम रबराचंच. ऑडीच्या पुढच्या भागात दर बाजूला चार आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) असतात. दोन गेलेत म्हणजे आठही म्हातारे झालेत. वरच्या दोन आर्मना धरणारा लांब बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून बसतो, त्यावर आदल्या दोन-तीन दिवसांपासून तेल मारत राहा. आणि कोणत्याही गाडीत बुशचा बोल्ट चाक लटकत असताना आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर घेऊन, नेहमीच्या उंचीवर आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

विजेचे रोग

दहा युनिट दहा चुका सांगत असतील तर आधी बॅटरी मोजा. बंद गाडीत १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.७. व्होल्टेज कमी पडलं की प्रत्येक युनिट आपापली तक्रार नोंदवतं, आणि मग एबीएसचं युनिट बदला, स्टिअरिंगचा सेन्सर बदला असं सुरू होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. एजीएम (काचेच्या तंतूंत ॲसिड शोषलेली) बॅटरी असेल तर तिच्या जागी एजीएमच घाला, डिकीतल्या बॅटरीची वायू बाहेर नेणारी नळी परत जोडा, आणि ई-६० सारख्या गाडीत नवी बॅटरी स्कॅनरने रजिस्टर करा, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहतं.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर दाराचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून गाडीला दार लागल्याचं भासवा, लॉक करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. सगळी युनिट झोपल्यावर करंट ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवा. जास्त असेल तर फ्यूज उपसू नका, त्याने युनिट पुन्हा जागी होतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. ज्या फ्यूजवर आकडा उमटतो त्या वाटेने वीज जातेय.

रेडिओ, नेव्हिगेशन, फोन सगळं एकदम बंद पडलं असेल तर या वयाच्या बहुतेक जर्मन गाड्यांत ऑप्टिकल फायबरचं एकच कडं असतं. एक युनिट मेलं की कडं तुटतं. बायपास लूप घेऊन एकेक युनिट वगळत जा. ज्याला वगळल्यावर बाकीचे जिवंत होतात तो दोषी.

भाग, ऑइल आणि उभी गाडी

भाग नेहमी चासी नंबर देऊनच मागवा. बीएमडब्ल्यूला शेवटचे सात आकडे पुरतात. कंपनीच्या डब्यातला आर्म बहुधा लेम्फर्डर या भाग बनवणाऱ्या कंपनीचाच असतो. लेम्फर्डरच्या डब्यात तोच मिळतो, फक्त गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढलेलं. फिल्टर मान किंवा माले, शॉक ॲब्झॉर्बर सॅक्स किंवा बिल्स्टाइन, कूलिंगला बेअर. सेकंड हँड घ्यायचं तर काचा, ट्रिम, सीटच्या मोटरी, दारं घ्या. बलून, पंप, होज जुने कधीच नको. किल्लीशी बांधलेली युनिटही नकोत, ती दुसऱ्या गाडीत सहजासहजी बोलत नाहीत.

इंजिन ऑइल कंपनी २५-३०,००० किलोमीटर म्हणत असली तरी आठ ते दहा हजारांवर किंवा वर्षाला बदला. मंजुरी डब्यावर शोधा: बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, मर्सिडीज २२९.५, फोक्सवॅगन ५०४.०० अशी, आणि तीही तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत असलेलीच. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, मग गाडी चालली असो वा नसो.

आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास तरी नीट तापेपर्यंत चालवा. दारात पाच मिनिटं सुरू ठेवून बंद करण्यापेक्षा न सुरू केलेली बरी. महिनाभर उभी राहणार असेल तर टायरमध्ये थोडी जास्त हवा आणि एजीएमला चालणारा चार्जर. बीएमडब्ल्यूत चार्जरची उणे बाजूची तार बॅटरीच्या टोकाला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, म्हणजे त्या टोकावरचा सेन्सर आत आलेली वीज मोजतो आणि गाडीला बॅटरी भरल्याचं कळतं.